डॉजची बॅटरी

"आण्णा, डॉज काढा लवकर! आई न्हाणीत पडलीया."

शेजारचा जोतीराम फाटकातनंच ओरडत आला, तेव्हा शांतिनाथ गाडीच्या मागच्या फळ्यांवरनं मऊ फडकं फिरवत होता.

"खुबा मोडलाय वाटतं. बसताबी येईना झालंय. अँब्युलन्स तासगावला गेलीया, लय उशीर हुईल म्हणत्यात. तुमच्या गाडीत मागं गादी टाकू आन् सरळ निजवून सांगलीला न्हेऊ."

शांतिनाथनं गाडीकडं बघितलं. बघत राहावी अशीच होती ती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून फौजेसाठी आलेली ही डॉज पिकअप त्याच्या वडलांनी लिलावात घेऊन कुंडलला आणली होती. पुढं दोघं बसायचे, मागं अख्खी गल्ली. गुळाच्या ढेपा, नवऱ्या मुली, बाळंतिणी, सगळं तिच्यातनंच सांगलीला जायचं. वडील गेले आणि ती गोठ्यामागं गंजत पडली. शांतिनाथनं तिला पुन्हा उभी केली. दिव्यांच्या काचा थेट अमेरिकेतनं मागवल्या, गोलसर नाकाडावर गर्द हिरवा रंग चढवला, मागं सागवानी फळ्या बसवल्या. आज सांगलीत विश्रामबागला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. पुढच्या काचेवर त्याचा नंबर चिकटवून झाला होता. आणि फळ्यांवरचं पॉलिश कालचंच होतं.

"बॅटरी उतरलीया रं," तो म्हणाला.

"मग धक्का मारू की! चार पोरं बोलावतो."

"धक्क्यानं न्हाई व्हायची. मेकॅनिकला फोन केलाय."

"बरं," जोतीराम म्हणाला आणि पळतच माघारी वळला.

शांतिनाथची बायको चंदना दारात उभी होती. मेळाव्यासाठी म्हणून इरकल नेसलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

पलीकडं ट्रॅक्टर सुरू झाला. ट्रॉली जोडल्याचा खणखणाट झाला, बायकांचे आवाज आले, जोतीरामच्या आईचं, अंजनाकाकीचं कण्हणं आलं. मग सगळं रस्त्याला लागलं. आवाज विरेपर्यंत शांतिनाथ थांबला, त्यानंतरही बराच वेळ थांबला. मग गाडीत बसून त्यानं स्टार्टर दाबला. इंजिन एका दमात सुरू झालं.

चंदना शेजारी येऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पलूस मागं पडलं. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. एक पोरगा मोटारसायकल शेजारनं चालवत मोबाइलवर गाडीचं चित्रीकरण करत गेला. एरवी शांतिनाथनं त्याच्यासाठी हॉर्न वाजवला असता.

पुढं वळणावर ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभा दिसला. ट्रॉलीचे दणके म्हातारीला सोसवेनात, म्हणून जोतीरामनं तो थांबवला होता. डॉज दिसताच तो रस्त्याच्या मधोमध आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. त्याचा सगळा चेहरा फुलला होता.

"मला ठावं हुतं!" तो ट्रॉलीतल्या बायकोला ओरडून म्हणाला. "म्हणलं न्हवं तुला? आण्णा कायबी करतील, पर गाडी चालू करून मागनं येतील!"

शांतिनाथनं ब्रेक दाबला. जोतीराम खिडकीशी आला.

"झाली व्हय बॅटरी नीट?"

"व्हय," शांतिनाथ म्हणाला.

चंदना त्याच्याकडं न बघता खाली उतरली. तिनं आणि जोतीरामच्या बायकोनं गादी पॉलिशच्या फळ्यांवर अंथरली. चौघांनी मिळून म्हातारीला उचलून तिच्यावर निजवलं. चंदना इरकलसकट मागं चढली आणि तिनं अंजनाकाकीचं डोकं मांडीवर घेतलं. ट्रॅक्टर तिथंच राहिला.

शांतिनाथनं एकेक खड्डा चुकवत गाडी चालवली. जोतीराम पुढं त्याच्याजवळ बसला होता. बऱ्याच वेळानं त्याचं लक्ष काचेवरच्या नंबराकडं गेलं.

"आज तुमचा कार्यक्रम हुता व्हय आण्णा? आमच्यापायी ऱ्हायला."

शांतिनाथनं गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. शांतिनाथ इंजिन बंद करणार, तेवढ्यात जोतीरामनं त्याचा हात धरला.

"बंद नका करू आण्णा. पुन्हा न्हाई लागली म्हंजी तुमी अडकून पडाल हितं."

शांतिनाथनं हात काढून घेतला. गाडी तशीच धडधडत ठेवून तो मागं गेला आणि काकीला उतरवायला पायाकडच्या बाजूनं गादी धरली. स्ट्रेचरवर ठेवताना ती दात आवळून होती. मग तिनं डोळे उघडले, त्याचं मनगट धरलं आणि त्याला खाली वाकवून घेतलं.

"शांतू," ती कुणाला ऐकू जाऊ नये अशी बोलली, "फळ्या भिजल्या रं माझ्यानं. लय कळ आली आन् मला समजलंच न्हाई."

तिनं त्याचं मनगट आणखी घट्ट धरलं.

"एवढी नवी केलीस गाडी. कुणी बघायच्या आत धुऊन घे, बाबा."

शांतिनाथनं मागं वळून ओल्या फळ्यांकडं बघितलं. काकी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत होती. मग तिनं त्याचं मनगट सोडलं आणि पदर चेहऱ्यावर ओढून घेतला.