सव्वा मूठ गहू

"साहेब, खरं सांगा, माझे काका गेले कसे?"

चाळीसगाव सोडल्यापासून प्रेमराजचं हेच चाललं होतं. शेजारी बसलेले निवृत्त एअर मार्शल पाटीलसाहेब खिडकीबाहेरच्या कपाशीकडे बघत राहिले.

काल धुळ्यातल्या सत्कारात हेच साहेब भरभरून बोलले होते. एकाहत्तरात शत्रूच्या तळावर टाकलेले बॉम्ब काय, कारगिलच्या वेळी सांभाळलेला अख्खा तळ काय! वायुदलातल्या रुपचंदकाकांचं नाव काढलं, की मात्र दातखीळ बसायची. कुठेतरी पाणी मुरतंय, हे प्रेमराजनं तेव्हाच ओळखलं.

एकाहत्तरात काकांचा कोणी दोस्त खबर देऊन गेला होता. रुपचंद विमानासकट गेला, देहही सापडला नाही. मागून ना तार आली, ना पेन्शन. गावच्या शहीद कमानीवर काकांचं नाव लावायला प्रेमराजनं अर्ज केला, तर उत्तर आलं, 'असा कोणी शहीद नाही.' काकांची बायको, भिकुअक्का, आता थकली होती. तिच्या डोळ्यांदेखत ते नाव लागावं, एवढीच त्याची तळमळ. साहेबांनी साक्ष दिली की झालं.

"बघू," साहेब म्हणाले होते, "आधी घर दाखव."

घरी श्रावणातली कानबाई, खानदेशातली देवी, बसली होती. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी, म्हणजे जाड गोड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनीच खायचे. अक्का दरसाल रुपचंदच्या नावाचीही मूठ काढायची. "मेलेल्याची मूठ काढत नसतात गं बाई," भावकीतल्या बायका कानीकपाळी ओरडायच्या. पण ऐकेल तर ती अक्का कसली!

साहेब गाडीतून उतरले आणि कोणी न सांगता घराला वळसा घालून मागच्या मोरीवर पाय धुऊन आले.

प्रेमराज चमकला. मोरी मागे आहे, हे ह्यांना कसं ठाऊक? खबर देऊन गेलेला तो दोस्त हाच तर नाही? म्हणूनच काकांचं नाव टाळतो? स्वतःच्या चुकीनं काकांना मारलं आणि वर सांगायलाही आला?

"साहेब, तुम्ही आधी येऊन गेलाय इथे!"

साहेबांनी टोपी काढली.

तेवढ्यात अक्का चुलीपासून उठून आली. पाहुण्यांसाठी वेगळी पुरणपोळी केली होती, ती तिनं बाजूला सारली आणि साहेबांच्या ताटात रोट वाढला.

प्रेमराज ओरडलाच. "अक्का! रोट परकाले देतस का?"

अक्कानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ती संतापून म्हणाली,

"परका कोन शे? दरसाल काढेल मूठना रोट शे हाऊ. खाई ल्या म्हना त्यासले. मरेल मानूसनी मूठ काढतस नही, हाई माले बी ठाऊक शे."