धाकटीची बुरशी

थोरलीने बुरशी मारायच्या औषधाची बाटली धाकटीच्या प्लेटवर उपडी केली आणि शांतपणे हात धुतले.

दोघी जावा. एकच घर, एकच प्रयोगशाळा, एकच काम: रोपांना मर आणणाऱ्या वाईट बुरशीला खाणारी चांगली बुरशी आणखी दांडगी करायची. प्रत्येकीची आपापली, काचेच्या प्लेटमध्ये वाढवलेली. थोरलीची बुरशी शत्रूशेजारी जाऊन नुसती बसायची. धाकटीची त्याला गुंडाळून जेवायला घ्यायची. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, शेतातल्या चाचणीला एकीचीच जाईल.

सासूबाईंना बुरशीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जेवताना चौकशी धाकटीच्याच बुरशीची. थोरलीच्या नवऱ्याने तर त्या बुरशीचा फोटो बघून तिला ‘देखणी’ म्हटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द त्याला येतो हेच थोरलीला माहीत नव्हतं.

सकाळी धाकटीची बुरशी मान टाकून पडली होती. थोरली मनापासून हळहळली; तसा चेहरा तिने घरूनच करून आणला होता. पण दोन दिवसांनी एका कडेला हिरवा ठिपका उगवला आणि औषधासकट सगळी प्लेट व्यापून बसला. धाकटी कुणाला काही बोलली नाही. फक्त रोज लवकर कामावर जाऊ लागली.

आठवड्याने साहेबांनी प्लेट पाहिली आणि ते चक्क खुर्चीतून उठले. म्हणाले, शेतकरी बियाण्याला हेच औषध चोळतात आणि त्यात आपली चांगली बुरशीही मरते. ही मेली नाही. अशी सापडावी म्हणून लोकांचे जन्म जातात. हा प्रयोग जिने केला, पेपरवर पहिलं नाव तिचं. कुणी केला?

थोरली फरशीकडे बघत राहिली. बोललं तर नोकरी गेली, आणि घरात तोंड दाखवायला जागा नाही.

“मी केला, सर,” धाकटी म्हणाली. वर लाजलीसुद्धा.

साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. थोरलीच्या डोळ्यांपुढे रात्रीचं जेवण आलं. सासूबाईंचा कौतुकाने भरून आलेला आवाज. नवऱ्याचा आणखी एखादा नवा शब्द.

“खोटं बोलतेय ती,” थोरली म्हणाली. “औषध मी ओतलं. हिची बुरशी मरावी म्हणूनच ओतलं. पहिलं नाव माझं.”

साहेबांचा कप हवेतच राहिला. धाकटीने पेनचं टोपण काढलं.

“मग किती ओतलंत तेवढं सांगा ना, ताई. आठवडाभर मी स्वतःच माझ्या बुरश्या मारतेय, एक जगेल तर शपथ.”