तीन वर्षांचं सर्टिफिकेट

"तीन सालानं कागद नासतो? दूध हाये का ते?" द्वारकाबाईंनी लेकीला विचारलं.

शिवकन्या जाफराबादच्या घरी ओसरीवर सकाळपासून मोबाइल घेऊन बसली होती. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात जागा निघाली होती. कुणाचा कॉम्प्युटर अडला, प्रिंटर रुसला, की धावून जायचं काम. त्यासाठी एक सर्टिफिकेट हवं होतं आणि समोर होती दोन. एक कॉम्प्युटर क्लासवाल्यांचं, आयुष्यभर चालणारं, वर काचेची फ्रेम फुकट. दुसऱ्याची ऑनलाइन परीक्षा भलती अवघड आणि मुदत अवघी तीन वर्षं. मशिनी बदलतात म्हणून पुन्हा शिका, पुन्हा परीक्षा द्या, असा त्यांचा खाक्या. शिवकन्येचं मन नेमकं तिथंच बसलं होतं.

"नासत न्हाई, आई. मुदत सरली की परत परीक्षा द्यायची, बस."

"अन तव्हर तुहं लगीन झालेलं आसन. सासरी कोन बसू देईन परीक्षेला? फ्रेमवालं घे. जल्मभर भिंतीवर ऱ्हाईन."

आईचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. घरात दोन महिन्यांपासून स्थळं येत होती. अजून न लागलेली नोकरी तिला हातातून जाताना दिसली आणि रडूच आलं.

"फ्रेमवालंच घेते," ती म्हणाली.

धुळाजी इतका वेळ सुपारी कातरत बसले होते. अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला बाप. शब्दाला पक्का कंजूष. ते उठले, भिंतीवरची जुनी फ्रेम काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि लेकीपुढे धरली. लोकर कातरण्यात पहिला नंबर आल्याचं, जनावरांच्या प्रदर्शनातलं सर्टिफिकेट होतं.

"वाच. मुदत लिव्हली का कुठं?"

"न्हाई, आबा."

"म्हंजी आजबी बराबर चालतं. मेंढरंच न्हाईत. इकून धा सालं झाली."

शिवकन्येने डोळे पुसले, मोबाइल उचलला आणि तीन वर्षांच्या परीक्षेला नाव घातलं. धुळाजींनी फ्रेम पेटीत ठेवून दिली. भिंतीवर नुसता खिळा राहिला.

"हा तुह्या कागदाला," ते म्हणाले.

"अन सासरी?" द्वारकाबाई हटेनात. "तिथं काय करता?"

धुळाजींनी पुन्हा अडकित्ता हातात घेतला.

"लग्नाची यादी करायला बसू, तव्हा पैलं हेच लिवा. तिकडच्या भिंतीला एक खिळा. कागद दर तीन सालाला पोरगी बदलीन."