बापाची हॅट

केनियातल्या तांबेरा पडलेल्या गव्हात तीन आठवडे राबून एवारिस्तो सोनोराला परतला. संशोधन केंद्राच्या फाटकातच तिथल्या शेतांची देखरेख करणाऱ्या नेरेइदाने त्याला अडवलं.

"चाळीस देशांच्या बियाण्याचा गहू उभा आहे आत. तिकडचा रोग अंगावर घेऊन आला नाहीस ना?"

"बूट, शर्ट, चड्डीसकट सगळं तिकडेच जाळून आलोय, बाई. आता कातडी सोलू का?"

हसत तिने फाटक उघडलं.

उभ्या पिकात शिरण्याआधी डोक्यावरची हॅट काढून मांडीवर झटकायची, ही बापाची सवय आणि हॅटही बापाचीच. केनियातही तो रोज न चुकता तसंच करायचा. इथेही त्याने बांधावर उभं राहून ती दोनदा आपटली.


विटकरी रंगाची भुकटी उडाली आणि वाऱ्याबरोबर गव्हात शिरली.