नव्या अ‍ॅम्प्लिफायरचे वजन

अंधेरीच्या वाद्यांच्या दुकानात हरेश्वरने नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर गिटार वाजवली, तेव्हा शेजारच्या रंगीत टीव्हीसमोरची गर्दी इकडे वळली. वेसाव्याच्या लग्नांत मात्र बँडच्या ट्रम्पेटपुढे त्याची गिटार ऐकूच येत नसे; "गिटारवाला हवाच कशाला?" असे खाडीपलीकडच्या मढच्या वरपक्षाने विचारले होते. जुना अ‍ॅम्प्लिफायर देऊन हा घ्यावा, तर अडचण वजनाची होती. होडीतून उतरल्यावर लग्नाच्या मांडवापर्यंत जुना अ‍ॅम्प्लिफायर आईच डोक्यावरून नेई. कोळीवाड्यात डोक्यावरचे ओझे बायकांचे. दुकानात सोबत आलेल्या आईने नवा अ‍ॅम्प्लिफायर उचलून पाहिला आणि नकळत मान चोळली. "नेईन मी. पापलेटची पाटी याहून जड." हरेश्वर दुकानदाराला म्हणाला, "जुना ठेवून घ्या, हा द्या." मग आईच्या हातातली चुंबळ घेऊन त्याने अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या डोक्यावर चढवला. तिला हसू आवरेना. "मेल्या, लोक हसतील तुला!" "हसू देत, आये. हसून झालं की गिटार ऐकतील."