धाकटीचं वय

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी मोठीचे गाल अलगद कानांकडे ओढले, आणि समोरच्या आरशात धाकटी आली.

“हलू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मोठी कसली हलतेय. ती श्वाससुद्धा जपून घेत होती. खिडकीला पांढरा पडदा होता, दुपारचं ऊन त्यातून गाळून आल्यासारखं खोलीभर पसरलं होतं, आणि त्या उजेडात धाकटी तिच्याकडे बघत होती. तेच गाल, तीच हनुवटी. आत्ताच झोपेतून उठल्यासारखी दिसत होती. आता म्हणेल, ताई, चहा टाकतेस का.

धाकटी म्हणजे मोठीची जुळी बहीण. मोठी काही मिनिटांनीच मोठी, पण तेवढ्या भांडवलावर तिनं धाकटीवर जन्मभर ताईपणा गाजवला होता. दोघी इतक्या सारख्या, की आईसुद्धा त्या बोलेपर्यंत थांबायची आणि आवाजावरून ओळखायची. धाकटी चौतिसाव्या वर्षी आजारपणात गेली. मागे चार वर्षांची पोर राहिली, ती मोठीनं पदरात घेतली. पोरीचे डबे, पोरीची शाळा, दुकानातलं शिवणकाम, यात रडायला सवडच झाली नाही. आणि रडायचं तरी कशाला? सकाळी केस विंचरायला आरशासमोर उभं राहिलं की धाकटी हजर. कोणत्या गिऱ्हाइकानं डोकं खाल्लं, पोरगी अभ्यासाला कशी टंगळमंगळ करते, सगळं तिला सांगून व्हायचं. धाकटी ऐकून घ्यायची. जिवंतपणी मेलीनं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

मग साठीच्या सुमारास मोठीचे गाल उतरले. जबड्याखाली कातडी लोंबायला लागली. आणि एका सकाळी कंगवा हातात घेऊन बघते तर आरशात कुणी भलतीच म्हातारी. दिवा लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. धाकटी नव्हती. त्या दिवशी मोठीनं दुकान उघडलं नाही. इतक्या वर्षांचं राहिलेलं रडणं एकदाच रडून घेतलं.

भाचीला तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. हौस आली, एवढंच म्हणाली होती. दुकानात येणाऱ्या बायका म्हातारचळ लागला म्हणतील, म्हणोत बापड्या. भाची अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत आली होती आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी गाल सोडले. धाकटी पाण्यातल्या साखरेसारखी विरघळून गेली.

“दोन मार्ग आहेत,” त्या म्हणाल्या. “एक ऑपरेशन. कानापुढून चीर द्यायची, आतला थर वर ओढून बसवायचा, जादा कातडी काढून टाके घालायचे. दोन-तीन आठवडे सूज राहते, काळंनिळं होतं. भूल द्यावी लागते, म्हणजे थोडा धोका आलाच. पण पुढं आठ-दहा वर्षं बघायला नको. दुसरा मार्ग इंजेक्शनांचा. काहींनी सुरकुत्या पाडणारे स्नायू ढिले पडतात, काहींनी खोल गेलेला भाग भरून येतो. कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी जाऊन कामाला लागा. फक्त फरक कमी दिसतो, आणि काही महिन्यांनी ओसरतो. मग परत यायचं.”

मोठीनं जन्मभर लोकांचे ढगळ कपडे उसवून अंगाबरोबर केले होते. कापणं वेगळं आणि नुसती चूण घालणं वेगळं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचं अडलं दुसरीकडेच. ओसरतो म्हणजे धाकटी दर काही महिन्यांनी पुन्हा जाणार. तिला इतक्यांदा पोचवून यायची मोठीची छाती नव्हती.

“ऑपरेशनच करा,” ती म्हणाली. “काय ते एकदाच.”

“बरं. पूर्वीचा एखादा फोटो आणलाय?”

मोठीनं पर्समधून फोटो काढून पुढं केला.

“छान दिसत होतात हो.”

“ही बहीण माझी. पण माझाच धरा.” मोठीनं आरशाकडे बोट दाखवलं. “पूर्वी ही रोज आरशात यायची. आता येत नाही. तेवढी परत आणा, मला दुसरं काही नको.”

पडदा फुगला आणि परत खिडकीला चिकटला. भाची उठून जवळ आली. तिनं टेबलावरचा फोटो उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

“यातली आई चौतीस वर्षांची आहे, मावशी,” ती म्हणाली. “मीही यंदा चौतीसची झाले. पुढच्या वर्षी ही माझ्यापेक्षा लहान होणार. हिला मी आई कशी म्हणू?” तिनं फोटो खाली ठेवला. “माझी आई तुझ्या चेहऱ्यात आहे. तिला चष्मा लागला, तिचे केस पिकले, गाल उतरले, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. म्हातारी होणारी आई मला तेवढीच मिळालीय. तिला नको गं परत धाडूस.”

मोठीनं चष्मा काढला, कपाळावरचे केस मागे सारले, आणि आरशाकडे पाठ करून भाचीच्या पुढ्यात चेहरा धरला.

“सांग बघू,” ती म्हणाली, “आता कशी दिसते गं धाकटी?”