आधी विचारणारी

वृषाली रोह्याहून छकुलीला कडेवर घेऊन निघाली ती थेट पेणला मोकल वकीलबाईंच्या ऑफिसात. आयुष्यातली पहिली जागा घ्यायची, तर एकदा वकिलाच्या तोंडून 'घे' ऐकावं, म्हणजे जिवाला स्वस्थता, एवढंच तिच्या मनात.

वकीलबाईंनी कागद चाळले आणि चष्मा काढला. "नको घेऊस गो. या जागेवर विकणाऱ्याच्या दोन बहिणींचा हक्क हाय, त्यांची संमती नाय. उद्या त्या उभ्या राहिल्या तर कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता तुझी पोर लग्नाची व्हायची. बयाणा नाय ना दिलास?"

वृषाली काही बोलायच्या आत त्याच हसल्या. "मी पण काय विचारते! लोक पैसे अडकले की रडत येतात माझ्याकडं. आधी विचारणारी तू पहिलीच. फी राहू दे, पोरीला खाऊ घे." आतल्या ज्युनिअरला हाक मारून त्यांनी तिलाही वृषाली दाखवली. "बघ, असं यावं माणसानं!"

आत्ता खरं सांगितलं तर काही मार्ग निघेल, हे वृषालीला कळत होतं, पण जीभ उचलेना. तेवढ्यात छकुलीनं पिशवीतून खोका ओढून काढला.

"पेढे कसले गो?"

"हिचा... हिचा वाढदिवस हाय."

वकीलबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून तोंडभरून आशीर्वाद दिला. दसऱ्याचा मुहूर्त चुकायला नको म्हणून वृषालीनं परवाच घाईघाईनं बयाणा दिला होता, त्याचे ते पेढे.